डावी बाही

"अगंबाई, बघा तरी, आमचा सीझरसुद्धा आला हळदीकुंकवाला!"

खर्डेकर मॅडम असं म्हणाल्या आणि बंगल्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसलेल्या आम्ही पंधरा-वीस बायकांनी माना वळवल्या. हिरवळीवरून त्यांचा कुत्रा डुलत डुलत येत होता. चांगला वासराएवढा. अंगात स्वेटर. विटकरी रंगाचा, छातीवर दोन वेण्यांची नक्षी. पुढचे पाय बाह्यांतून काढलेले, आणि बाह्या कोपराच्या वर कात्रीने कापलेल्या. कापल्या जागी धागे लोंबत होते. विणकामाला कात्री लागली की काय तुटतं ते विणणारीलाच कळतं, बाकीच्यांना नुसते धागे दिसतात.

माझ्या एका हातात तिळाची वडी होती, दुसऱ्यात वाण म्हणून मिळालेला प्लॅस्टिकचा डबा. दोन्ही हात तसेच राहिले.

त्या वेण्या माझ्या होत्या. गौरी-गणपती उरकल्यावर सुया हातात घेतल्या होत्या आणि दिवाळीच्या फराळाआधी टाके बंद केले होते. तो स्वेटर त्या क्षणी माझ्या वडिलांच्या, तात्यांच्या अंगात असायला हवा होता. आमच्या कॉलनीपासून चाळीस किलोमीटरवर, माझ्या माहेरी. दिवाळीत आमच्या ह्यांनी स्वतःच्या हाताने नेऊन दिला होता तो. म्हणजे मला तरी तसं सांगितलं होतं.

"शैला, तूच विणलायस ना गं हा?" मॅडम माझ्याकडे बघून गोड हसल्या. "प्रल्हादराव दिवाळीला घेऊन आले साहेबांसाठी. इतकी ऊबदार लोकर! पण साहेबांनी अंगात घातला तर डावी बाही ही एवढी आखूड. चांगली चार बोटं! आम्ही इतके हसलो. साहेब म्हणाले, राहू दे, बिचारीने हौसेने केलाय. मग फेकवेना. म्हटलं, सीझरला तरी होईल. दोन्ही बाह्या कापल्या की झाल्या सारख्या."

बायका हसल्या. शेजारच्या विजयाताईने मला कोपर मारलं. "अगं, माप घेतलं नव्हतंस का?"

"घेतलं होतं," मी म्हटलं.

"कुठे क्लास केला नाही ना हिने," मॅडम समजूत घातल्यासारखं म्हणाल्या. "आपलं आपणच शिकलं की व्हायचंच असं. पण बागेला हात आहे हो हिचा! प्रल्हादराव सांगत होते, ड्रममध्ये कवठी चाफा लावलाय, फूल आलं की अख्ख्या लाइनीत वास. मी म्हटलं, आमच्या पोर्चपाशी काय छान दिसेल! तर लगेच म्हणाले, रविवारी ट्रॅक्टर पाठवा आणि घेऊन जा. मोकळ्या मनाचा माणूस!"

सीझर माझ्यापाशी आला आणि माझा हात चाटायला लागला. तिळाची वडी त्यालाच दिली. मग कुणाला कळू न देता त्याच्या छातीला वीत लावली, मानेपासून शेपटीपर्यंत वीत लावली. का लावली ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. विणणारीचा हात माप घेतल्याशिवाय राहत नाही, एवढंच.

"तिळगूळ घ्या, गोड बोला हं!" फाटकापाशी मॅडम म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. "गोडच बोलेन."

*

या गोष्टीला वीस वर्षं झाली. मी तेव्हा चौतिशीची. हे साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचे नमुने तपासायला होते, पण हंगामी. कारखान्याचं ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, गळीत चालू आहे तोवर तुम्ही कारखान्याचे, धुराडं थांबलं की तुम्ही तुमचे. अकरा हंगाम ह्यांनी असे काढले होते. कायम करायच्या माणसांची यादी चीफ केमिस्ट म्हणजे खर्डेकर साहेबांच्या टेबलावरून पुढे जायची. राहायचं क्वार्टरही साहेबांच्याच शब्दावर मिळालेलं. त्यामुळे आमच्या घरात देवाच्या खालोखाल साहेबांचं नाव घेतलं जायचं, आणि कधी कधी देवाच्या आधी.

विणकाम मी कुणाकडे शिकले नाही हे खरं. लग्नानंतर तालुक्याला तिबेटी लोकांच्या स्टॉलवरून एक स्वेटर आणला आणि तो टोकापासून उसवत बसले. धागा कुठून निघतो, कुठे जातो, ते वहीत काढत गेले. आधी उसवायला शिकले, विणायला नंतर. तेव्हापासून एक खोड लागली. काहीही बिघडलं की मी आधी टोक शोधते. टोक सापडलं की बाकीचं आपोआप येतं.

चारचा भोंगा झाला आणि साडेचारला हे आले. मी चहा ठेवला.

"तात्यांना स्वेटर बसला होता ना हो?" मी विचारलं.

"कितीदा विचारशील? बसला."

"बाह्या?"

"बरोबर बसल्या."

"डावी?"

"डावी, उजवी, दोन्ही. अगदी मापात. खूश झाले म्हातारबुवा."

"सीझरला पण मापात बसलाय," मी म्हटलं.

कप बशीत नीट ठेवला ह्यांनी. बाहेरच्या चाफ्याकडे बघितलं. मग जे बोलले ते मला वाटलं होतं तसं नव्हतं. मला वाटलं होतं, ओशाळतील.

"मग काय करायला हवं होतं मी?" आवाज चढला. "लॅबमधल्या देशमानेनं दिवाळीला साहेबांना चांदीचा गणपती दिला. माझ्याकडे काय होतं? कपाटात तुझा तो स्वेटर होता. म्हटलं, तात्यांना तू पुन्हा विणशील. बायकोनं हातानं विणलाय म्हणून मोठ्या ऐटीत नेला. आणि साहेबांनी माझ्यासमोर अंगात घातला तर एक बाही मनगटापर्यंत आणि दुसरी कुठे! मॅडम तोंडावर पदर धरून हसतायत. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अकरा वर्षं राबतोय, आणि तुला दोन बाह्या सारख्या विणता येत नाहीत!"

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. अगदी ओठांवर. पण त्याच क्षणी मला टोक सापडलं, आणि ते इतकं भलतीकडेच निघालं की मी गप्प बसले. स्वेटर दिला, खोटं बोलले, यावर मी भांडायला बसले होते. ते सगळं एकाएकी बारीक वाटायला लागलं. माप चुकलेलं नव्हतं, इतकंच इथे सांगते.

"चाफा मी देणार नाही," मी म्हटलं.

"शब्द दिलाय मी."

"झाड तुमचं नाही."

"बायकोचं झाड आणि नवऱ्याचं झाड अशी काही भानगड असते का गं?" हे हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "बावीस तारखेला यादी निघायची आहे, शैला. एक झाड. फक्त एक झाड."

*

तो चाफा तात्यांनी दिलेला. ते सरकारी रोपवाटिकेत माळी होते, तीस वर्षं. फांदीची साल गोल काढायची, ओलं शेवाळ बांधायचं, मुळं फुटली की फांदी झाडापासून वेगळी करायची, याला गुटी म्हणतात. त्याच्या आठ वर्षं आधी मांडीवर ती गुटी घेऊन एसटीने आले होते. म्हणाले, "क्वार्टरची माती आपली नसते पोरी. ड्रममध्ये लाव. जाशील तिथे घेऊन जाता येईल." मी अर्धा कापलेला ड्रम आणला, कारखान्याच्या प्रेसमडचं, म्हणजे उसाच्या रसाच्या गाळाचं खत घातलं. बॉयलरची काजळी आमच्या लाइनीवर काळ्या तिळासारखी पडायची. मी रोज ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची. विजयाताई म्हणायची, "पोरांचीसुद्धा तोंडं कुणी इतकी पुसत नाही." तिसऱ्या उन्हाळ्यात पहिलं फूल आलं, वाडग्याएवढं.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी विणत बसले. दुपारी स्वयंपाकघर आवरलं की चाफ्याजवळ पाट मांडायचा आणि सुया चालवायच्या. मी विणायला बसले की राग गेला असं ह्यांना वाटायचं. राग जायचा कुठे? सुयांवर चढायचा. त्या तीन दिवसांत टाके इतके आवळून पडत होते की सुई पुढे सरकेना.

मधे तात्यांचं कार्ड आलं. थंडी फार आहे, खोकला आहे, काळजी नसावी. मी दोन महिन्यांत दोनदा लिहिलं होतं, स्वेटर घालत जा म्हणून. त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मला वाटत होतं, तात्यांना कौतुक लिहिता येत नाही. ते बिचारे म्हणत असतील, कुठला स्वेटर म्हणतेय ही?

कार्ड मी ह्यांच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. ह्यांनी वाचलं, उलटं केलं, आणि वर आमटीची वाटी ठेवली.

*

रविवारी नऊला ट्रॅक्टर आला. मागे ट्रॉली, दोन माणसं, आणि चालवायला शिरपती. पन्नाशीचा असेल, डोक्याला मफलर. आमच्या कॉलनीतली सगळी अवजड कामं त्याच्याकडे असायची.

तिघांनी ड्रमला हात घातला. हलेना. पुन्हा घातला. शिरपती खाली वाकला, ड्रमच्या बुडाशी हाताने माती उकरली आणि उठून उभा राहिला.

"वैनी, ह्याचं मूळ भोकातनं खाली उतरलंय. जमिनीत गेलंय चांगलं मनगटाएवढं."

"मग तोड की," हे म्हणाले.

"ऐन मूळ हाय सायेब. तोडलं तर म्हैन्याभरात झाड वाळंल."

"तिकडे गेल्यावर काय व्हायचं ते होऊ दे. आज पोचलं पाहिजे. कुदळ घे."

ते वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. तिकडे गेल्यावर काय व्हायचं ते होऊ दे.

मी आतून पाट आणला. ड्रमला लागून मांडला. त्यावर बसले, पाठ ड्रमला टेकली, पिशवीतून विणकाम काढलं आणि विणायला लागले.

"शैला, ऊठ."

"आधी मला उचला. मग ड्रम."

"लोकं बघतायत."

बघतच होते. विजयाताई कपडे वाळत घालत होती, एकच टॉवेल तिसऱ्यांदा झटकत होती.

"हे बघ," हे दबल्या आवाजात बोलायला लागले, पण तो आवाज दबेना. "तुझ्यामुळेच ही वेळ आलीय. साहेबांना घालता येईल असा स्वेटर विणला असतास तर झाड द्यायचं कारणच नव्हतं. तो बिघडवलास म्हणून भरपाई करतोय मी. तुझ्या चुकीची भरपाई! घरादाराचं वाटोळं एका बाहीपायी—"

"ही गुटी कुणी बांधल्याली, वैनी?" शिरपतीने मधेच विचारलं.

तो आमच्या भांडणाकडे बघतच नव्हता. बुंध्याशी वाकून तो खोडावरचा जुना वळ बोटाने चाचपत होता.

"माझ्या वडिलांनी. माहेरी रोपवाटिकेत माळी होते."

"ओढ्यापल्याडची सरकारी? तिथं एक तात्या माळी व्हते. डाव्या हातानं आखूड." शिरपतीने स्वतःचा डावा हात कोपरात वाकवून दाखवला. "झाडावरनं पडल्यालं ल्हानपणी, हाड वाकडं बसल्यालं. सदऱ्याची डावी बाही कायम दोन घड्या घालून वर. आखूड हातानं फांदी धरायचे आन् चांगल्या हातानं साल काढायचे. असं काम म्या दुसऱ्या कुणाचं बघितलं न्हाई. माझी डाळिंबं त्यांच्याच हातची."

"तेच," मी म्हटलं. "तेच माझे वडील."

"आत्ता! तात्यांच्या हातचं झाड हाय व्हय हे?" शिरपतीने कुदळ ट्रॉलीत टाकली. "मग माफी करा सायेब. मी न्हाई घाव घालायचो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे शिरपतीच्या वाकवलेल्या कोपराकडे बघत होते. मग हळूच विचारलं, "डावा हात?"

लग्नाला अकरा वर्षं. कन्यादानात ह्यांच्या ओंजळीवर तात्यांची ओंजळ होती. त्या दोन हातांतून पाणी ह्यांच्या हातावर पडलं होतं. कितीतरी दिवाळ्यांना, दर अधिकात, तात्या समोर बसून जेवले होते. रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक होतं ते जावयाला ठाऊक नव्हतं. आणि मला सांगितलं होतं, डावी बाही अगदी मापात बसली.

"चार बोटं आखूड," मी म्हटलं. "मुद्दाम. आयुष्यात एक तरी कपडा त्यांना बाही न दुमडता घालता यावा म्हणून. मी माप चुकले नव्हते. तुम्ही बघायला चुकलात."

टॉवेल झटकायचा आवाज थांबला होता.

*

शेवटची ओळ तिथेच पाटावर विणली, टाके बंद केले, धागा दातांनी तोडला आणि बंगल्यावर गेले. चालत. पदर खोचलेला, पायाला माती.

मॅडम पोर्चमध्ये उभ्या होत्या. चाफ्यासाठी खड्डासुद्धा खणून घेतला होता.

"ट्रॅक्टर कुठाय?"

"येतोय. रिकामा." मी पिशवीतून विणकाम काढलं. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं, उरल्यासुरल्या लोकरीचं. "हा सीझरसाठी. छाती तीस इंच, लांबी बावीस. पोटाखाली बटणं आहेत. चारही पायांना सारखं माप. बघा तपासून."

"अगं, पण हे कशाला…"

मी खाली बसले. सीझर शेपूट हलवत आला. त्याच्या अंगातून तात्यांचा स्वेटर काढला, त्याला नवा घातला. गुणी जनावर, पाय एकेक करून देत होतं. सगळ्या प्रकरणात त्याच्यावर मात्र मला राग धरता आला नाही.

"हा परत नेतेय. साहेबांना चुकून दिला गेला. साहेबांच्या मापाचा नव्हताच तो."

"आणि झाड?" मॅडमचा आवाज आता हळदीकुंकवाचा नव्हता.

"झाडाचं मूळ खाली गेलंय. येणार नाही."

"शैला, प्रल्हादरावांचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे. माहितेय ना?"

"माहितेय, मॅडम."

"आणि तरी तू माझ्याशी असं बोलतेस?"

"तुम्ही परवाच तिळगूळ दिलात," मी म्हटलं. "म्हणून इतकं गोड बोलतेय."

परत येताना विटकरी स्वेटर उराशी धरला होता आणि त्याला कुत्र्याचा वास येत होता. रागाने रडू येतं तेव्हा ते आवरायचा प्रयत्न करू नये, नुसतं भराभरा चालावं. मी तसंच केलं.

बावीस तारखेच्या यादीत ह्यांचं नाव नव्हतं. माझ्यामुळे नव्हतं, की साहेबांच्या मनात मुळातच नव्हतं, ते मला आजही कळलेलं नाही. तीन वर्षांनी युनियनने एकदम चाळीस जणांना कायम करून घेतलं, त्यात हे होते आणि चांदीचा गणपती देणारा देशमानेही होता. चाफा अजून त्याच क्वार्टरच्या दारात आहे. ड्रम गंजून गळून पडला. झाडाला काही फरक पडला नाही.

*

त्या रविवारनंतर आठवडाभर हे माझ्याशी बोलले नाहीत, आणि मीही नाही. मी स्वेटर रिठ्याने तीनदा धुतला. कापलेल्या बाह्यांचे सुटे टाके एकेक करून सुईवर उचलले आणि खाली नव्याने विणल्या. विटकरी लोकरीचा एकच गुंडा उरला होता. डाव्या बाहीला तो पुरला. उजवीच्या टोकाला कॉफी रंग लावावा लागला.

शनिवारी मी घडी घातलेला स्वेटर ह्यांच्यापुढे ठेवला.

"उद्या तुमची सुट्टी आहे. तुम्ही मला सांगितलंय, तात्यांना नेऊन दिला, दोन्ही बाह्या बरोबर बसल्या. आता तेवढं करून दाखवा. तुमच्या हाताने."

एसटीत पिशवी ह्यांनी मांडीवर घेतली होती. मी खिडकीतून उसाचे फड बघत राहिले.

तात्या ओट्यावर ऊन खात बसले होते. जावई आला म्हणून गडबडीने उठायला लागले तर खोकल्याची उबळ आली. ह्यांनी त्यांना धरून बसवलं. पिशवीतून स्वेटर काढला.

"तात्या, हात वर करा."

"मला? हा मला होय?"

गळ्यातून घातला. उजवा हात सरळ गेला. डावा जाईना. कोपरात तो पुरता सरळ होतच नाही, त्याला बाहीच्या आत हात घालून पुढून धरावं लागतं, लहान मुलाला झबलं घालतात तसं. हे थांबले. मग बाहीच्या टोकातून आपला हात आत घातला, तात्यांचा आखूड हात शोधला, बोटं धरली आणि सावकाश बाहेर ओढली. लगेच सोडली नाहीत.

तात्यांचा उजवा हात सवयीने डाव्या मनगटावर गेला, बाहीची घडी घालायला. बोटं चाचपत राहिली. दुमडायला काही उरलंच नव्हतं. बाही जिथे संपायला हवी तिथे संपली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग बाही हुंगून म्हणाले, "शैले, कसला वास येतोय गं ह्याला?"

दरवेळी अशा ठिकाणी मीच काहीतरी बोलून ह्यांना सावरून घ्यायचे. नव्या लोकरीचा, रिठ्याचा, एसटीतल्या कुणाच्या तरी टोपलीचा. या खेपेला मी तोंड मिटून बसले आणि ह्यांच्याकडे बघत राहिले. ओट्यावरून एक कोंबडी गेली, तिच्यामागून पिल्लं गेली.

"कुत्र्याचा," हे शेवटी म्हणाले. "मी तो दुसऱ्यांना देऊन टाकला होता, तात्या. तुम्हाला दिला म्हणून हिला खोटं सांगितलं. दिवाळीतच."

तात्यांनी जावयाकडे बघितलं. मग मान खाली घालून डाव्या बाहीवरून हात फिरवला, खांद्यापासून मनगटापर्यंत.

"पण बसलाय बरोबर," ते म्हणाले.